पहिला प्रयोग कुठे झाला, मालतीताई?

मालतीताई,

आमच्या घरी कागद नव्हता. वाण्याच्या पुडीचा यायचा तेवढाच, आणि तोही चुलीत जायचा. पेणच्या खाडीकडे वडील मिठागरात कामाला. पावसाळा सरला की पुढचा पावसाळा येईपर्यंत ते खाऱ्या पाण्यात अनवाणी उभे असायचे. आई ओल्या मिठाची टोपली डोक्यावरून ढिगापर्यंत न्यायची आणि टोपलीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. तिच्या पाठीवर धड कातडं कुठलं आणि चट्टा कुठला, कळायचं नाही. पावसात मिठागर बंद. मग दुसऱ्याच्या शेतात लावणी, नाहीतर खाडीत जाळं. आम्हा भावंडांत चपलांचा जोड एकच होता. तो माझ्या पायाला बसला म्हणून शाळेत मी गेले. पुढचं मात्र नशीब नव्हे. पुढचं मी केलं. मी बी.कॉम. झाले, आमच्या सबंध खानदानात पहिली. हे मी कुणालाही सांगते. लाजत नाही.

तुम्हाला तर लिफ्टमध्येच सांगितलं होतं. रियाधला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. अंगावरचा अबाया पायात येत होता आणि धाकटी कडेवर रडत होती. तुम्ही मराठीतून विचारलंत, "नाव काय गं तुझं?"

मी म्हटलं, "मी बी.कॉम. आहे."

"अगं, मी नाव विचारलं," तुम्ही म्हणालात, आणि दरवाजा उघडेपर्यंत आपण दोघी हसत होतो. लिफ्टमधला पाकिस्तानी चाचा आपल्याकडे बघून कोपऱ्यात सरकला.

तुम्ही सांगलीला शाळेत मराठी शिकवायचात. भाऊजींना इकडे नोकरी लागली तेव्हा ती सोडून आलात. तुमच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासाच्या कार्डावर, छापलेलं होतं, काम करण्यास परवानगी नाही. माझ्याही होतं. आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांच्या. तुम्ही तो इकामा माझ्यापुढे धरून म्हणायचात, "बघ, मला काम करायला बंदी आहे, तरी सकाळपासून बसले नाहीये." पण एकदा तुम्ही हसला नव्हता. म्हणालात, "रंजना, इतकी वर्षं इथे राहिले. जाताना माझं म्हणून काय घेऊन जाऊ? सोनं आणि खजूर?" 

त्याच सुमारास ते जाड पुस्तक आपल्या घरात आलं. तुमच्या घरात म्हणायला हवं, पण तुमचा हॉल मी कधी परका मानला नाही. भाऊजींच्या कंपनीतला तो इटालियन इंजिनियर कायमचा घरी परत चालला होता. जाताना त्याने ते भाऊजींना दिलं. ऑपेरांवरचं. मागच्या पानांवर सनावळी होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांची. कुठला ऑपेरा पहिल्यांदा कुठल्या गावात, कुठल्या थिएटरात झाला, कोण गायलं, लोकांनी कसा घेतला. तुम्ही भाजी निवडायची सोडून ते वाचत बसलात.

"अगं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तेसुद्धा लिहिलंय! पहिल्या रात्री नाटक पाडलं, आणि ते पडलेलंही यांनी जपून ठेवलंय."

मी म्हटलं, "कशाला पण?"

"म्हणजे झालं होतं हे कळावं म्हणून." मग भाजीकडे बघत, "त्याच वर्षांत आपल्याकडेही संगीत नाटकं होत होती. लोक रात्रभर बसत होते. आपल्या पहिल्या प्रयोगांची अशी ओळीने सनावळी एका जागी आहे का कुठे? असली तरी मला माहीत नाही. मीच करते."

भाऊजी पेपरमागून म्हणाले, "रियाधमध्ये बसून?"

"मग कुठे बसू? इथे काम करायला बंदी आहे ना, वेळच वेळ आहे."

तुमची पद्धत काय होती हे भारतातल्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सुट्टीवर जाणाऱ्याकडे बाकीच्या बायका गोडा मसाला, कुळथाचं पीठ, लेकीसाठी परकर-पोलकं सांगायच्या. तुम्ही झेरॉक्स सांगायचात. "पुण्याला जाताय ना? मग अमुक वाचनालयात जुने अंक आहेत. अमुक महिन्याच्या जाहिराती बघा, नाटक कंपनीची जाहिरात दिसली की पान काढून आणा." बँकेतले, कॉम्प्युटरवाले, हिशोबनीस, सगळे तुमच्या कामाला लागले. काही जण तुम्हाला बघून जिन्याने जायला लागले, तेही तुम्हाला माहीत होतं.

आणि संतोषचं एअरपोर्टवरचं प्रकरण! माझा नवरा साधा माणूस, कुणाशी वाद नाही. कस्टमवाल्याने त्याच्या बॅगेतून तुमच्या झेरॉक्स काढल्या. एका पानावर नऊवारीतला, नथ घातलेला नट. अधिकाऱ्याने विचारलं, "ये औरत कौन?"

संतोष म्हणाला, "साहब, ये आदमी है."

त्याने फोटो जवळ घेतला, लांब धरला, मग शेजारच्या अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी पुन्हा विचारलं. संतोषने शपथेवर सांगितलं की आदमी आहे, शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि गाणं फार चांगलं म्हणायचा. ते दोघे इतके हसले की मागची रांग थांबली. "यल्ला, यल्ला," म्हणून बॅग ढकलून दिली. संतोष घरी आला तो थेट तुमच्याकडे. "ताई, पुढच्या वेळी मिशीवाला नट सांगा," म्हणाला. तुम्ही त्याला दोनदा चहा दिलात आणि दोन्ही वेळा तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावलीत.

हॉलच्या लांब भिंतीवर आपण पांढरे चार्टपेपर लावले. ते बत्हा बाजारातल्या हमीदभाईंनी दिले होते. दाभोळकडचा माणूस. मसाल्याचं दुकान असूनही मागाल ते कुठून तरी पैदा करायचा. एका नाटकाला एक पट्टी: नाटक, कंपनी, गाव, तारीख, आणि पुरावा काय. डावीकडे शतकाची सुरुवात आणि उजवीकडे फ्रिज. नावं मी इथे लिहीत नाही. एखादं राहिलं तर तुम्ही तिथूनही टोकाल.

ती मोठी चूक तर तुम्हीच सगळ्यांना हसून सांगायचात. पुष्कळ ठिकाणी इंग्रजी तारीख नसायची, शक आणि तिथी असायची. इकाम्याच्या हिजरी तारखेची इंग्रजी तारीख करण्यात आपण दोघी पटाईत. त्यामुळे शकाचं काय मोठं, असं वाटलं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की झालं साल. भराभर पट्ट्या लावल्या. संतोष चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ही कंपनी निघाली या साली. मग तिचं नाटक आदल्या साली कसं? बाळ आधी आणि बारसं नंतर कळतं. पण बाळ आधी आणि आई नंतर?"

शक बदलतो चैत्रात आणि इंग्रजी साल जानेवारीत. म्हणजे मधल्या, साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या नाटकांना एकोणऐंशी मिळवायला हवे होते. थंडीत लागलेली सगळी नाटकं आपण एक वर्ष आधी नेऊन ठेवली होती. तुम्ही कपाळावर हात मारलात. "सौदीच्या तारखा बिनचूक, आणि घरचा चैत्र विसरलो!" पूर्ण शुक्रवार आपण पट्ट्या सोडवून पुढे सरकवत होतो. चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघाला. भाऊजींनी घरमालकाला काय सांगायचं याची काळजी केली, तुम्ही नाही.

आता आपल्या भांडणाकडे येते. टाळून काय करू?

माझा आजा लहान असताना एक नाटक कंपनी मचव्यातून दक्षिणेकडे चालली होती. वारा फिरला म्हणून मचवा आमच्या बंदराला लागला. मिठाच्या व्यापाऱ्याने त्यांना आपल्या गोदामात उतरवलं. कंपनीचं नाटक अगदी नवीन होतं, अजून कुठेही झालेलं नव्हतं. ते त्यांनी मिठाच्या गोणी रचून, त्यांवर फळ्या टाकून केलं. आजा सांगायचा, नायिकेच्या शालूचा काठ मिठाने पांढरा झाला होता. त्याने नाटकाचं नावही सांगितलेलं होतं. तुमच्या भिंतीवर तेच नाटक होतं, पहिला प्रयोग मुंबई म्हणून.

मी म्हटलं, "ताई, हे बदला. पहिला प्रयोग आमच्याकडे झाला."

"पुरावा?"

"माझा आजा."

"रंजना, प्रत्येक गावाच्या आज्याने पहिला प्रयोग बघितलेला असतो. आमच्या सांगलीत तर घरटी एक आहे."

"तुमच्याकडे जाहिरात छापणारे होते. आमच्याकडे वाचता येणारंच कोणी नव्हतं, तर छापील कुठून आणू? म्हणजे आम्ही बघितलं ते झालंच नाही?"

"झालं नाही असं मी म्हणाले का? मला माहीत नाही, एवढंच म्हणते. आणि ती कदाचित तालीम असेल."

"लोक बसले होते ना समोर? मग तालीम कसली?"

त्या दिवशी मी चहा न पिता खाली गेले. घरी फोन लावून आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्या बाईला सांग, तुजा आजा खोटा नाय बोलाचा." मी ते तुम्हाला शब्दशः सांगितलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आईला सांग, मी आजोबांना खोटं म्हणत नाही. पण तारखेला साक्षीदार दोन लागतात." पट्टी तशीच राहिली. आपलं येणंजाणं थांबलं नाही, फ्रिजशेजारच्या वर्षांवर कामही झालं. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी तो विषय निघायचा आणि आपण दोघी पुन्हा तिथेच. खरं सांगू? मला राग तुमचा नव्हता. तुमचं बरोबर असेल याचा होता.

भाऊजींच्या नोकरीची मुदत संपत आली. फायनल एक्झिट लागणार, म्हणजे कायमचं परत जायचं, हे कळल्यावर तुम्ही ठरवलंत, जाण्याआधी इथल्या मराठी मंडळाच्या लोकांसमोर सगळा कालक्रम वाचायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गावाबाहेर एखादा इस्तराहा घ्यायचा, आपण वाढदिवसांना घेतो तसा, भिंतीआडचं अंगण आणि दोन खोल्या. तुम्ही वाचणार, मधे मधे कुणी पदं म्हणणार. एकच पट्टी कोरी होती. त्या नाटकाला दोन शहरं दावा सांगत होती आणि जाहिरातीचं पान मिळत नव्हतं. "ती भरल्याशिवाय वाचणार नाही," तुम्ही म्हणालात. बँकेतले कुलकर्णी सुट्टीवर जाणार होते. त्यांना तुम्ही वाचनालय, कपाट, कुठल्या बाईंना भेटायचं, सगळं पाठ करून घेतलंत.

आणि मग तुम्ही आजारी पडलात.

आजाराचं मी लिहीत नाही. तुम्हालाही त्याचं बोललेलं आवडलं नसतं. हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात मी दुपारी यायचे. पडद्यापलीकडची सुदानी आजी आपल्याला खजूर पाठवायची. तुम्ही विचारायचात, "कुलकर्णी आले?" मी म्हणायचे, "येतील." एका दुपारी तुम्ही म्हणालात, "नाही आले तर तू वाच."

"कोरी पट्टी ठेवून?"

"नाही. भरून वाच. कधी का होईना, भरूनच वाच. आणि तुझ्या आजोबांचं काय करायचं ते तू ठरव. मी असले तर भांडेन, नसले तर तू ठरव."

मी चिडून म्हटलं, "असलं बोलणार असाल तर मी चालले." तुम्ही माझा हात धरलात. जोर नव्हता हाताला. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं की माझ्या घरी कागद नव्हता आणि तुमच्या भिंतीने मला कागद म्हणजे काय ते शिकवलं. पदवी घेतली तरी ते मला येत नव्हतं. छापलेलं तपासायचं, न छापलेलं शोधायचं, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. हे मी बोलले नाही. परीक्षेला प्रश्न विचारतील तेवढंच बोलायची सवय. म्हणून आता लिहिते.

तुम्ही गेलात. भाऊजी तुम्हाला घेऊन सांगलीला गेले. कागदपत्रं होईपर्यंत ते आमच्याकडे जेवायचे, आणि जेवताना तुमच्या आवाजात आम्हाला आग्रह करायचे. ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

घर रिकामं करताना भिंतीवरचे कागद मी उतरवले. खालचा रंग उडालेला होता, घरमालकाने बघितला आणि "खलास, माफी मुश्किल," म्हणजे झालं, काही हरकत नाही, म्हणून निघून गेला. बिचारा.

त्याच आठवड्यात संतोषने मला एक गोष्ट सांगितली. गेल्या सुट्टीत मी माहेरी दोन दिवस होते, तेव्हा तो बंदरावर फिरायला जातो म्हणून सारखा जायचा. तुम्ही त्याला पाठवलं होतं. माझ्या आज्याचा दुसरा साक्षीदार शोधायला. तो तीन म्हाताऱ्यांना भेटला. एकाला गोणींवरचं नाटक त्याच्या बापाने सांगितलेलं होतं, पण नाव दुसऱ्याच नाटकाचं. एकाला काहीच माहीत नव्हतं. तिसरा म्हणाला, नाटक नव्हतं, दशावतार होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"ताईंनी शपथ घातली होती. सापडलं तर मी स्वतः सांगेन, नाही सापडलं तर तिचा आजा तिच्याकडे राहू दे, म्हणाल्या."

मी सिंकपाशी उभी राहून रडले आणि तुम्हाला शिव्याही घातल्या. तोंडावर नाही म्हणायचं आणि पाठीमागे शोधत राहायचं, ही काय रीत? इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडत होते, आणि तुम्ही माझ्याच बाजूने हिंडत होता.

कुलकर्णी परत आले ते पान घेऊनच. तुमच्या जाण्याचं त्यांना विमानतळावरून घरी येताना कळलं. दारात उभे राहून ते नुसते पाकीट पुढे करत होते. त्या जाहिरातीत गाव होतं, वार होता, तारीख होती. शिवाय कंपनीच्या मॅनेजरचं एका स्नेह्याला लिहिलेलं, पुढे अंकात छापलेलं दोन ओळींचं वृत्त. दोन साक्षीदार. पट्टी मी भरली. अक्षर तुमच्यासारखं काढायला गेले, जमलं नाही, माझंच ठेवलं.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही इस्तराहा घेतला. बायकांनी डबे आणले, पोरं अंगणात फुटबॉल खेळत होती. माझी मोठी म्हणाली, "मम्मी, सगळं वाचणार? इट्स जस्ट डेट्स. लोक बोअर होतील." मी म्हटलं, "होऊ देत. बस."

बोअर झाले, ताई. मधल्या वर्षांना दोघे-तिघे बाहेर चहाला गेले. पण पदं सुरू झाली की परत आले, आणि एकदा आत आल्यावर कुणी उठलं नाही. थंडीतली नाटकं आली तेव्हा संतोष मोठ्याने म्हणाला, "एकोणऐंशी!" आणि भिंतीची गोष्ट माहीत असलेले सगळे हसले.

माझ्या आज्याचं नाटक आलं. मी मुंबईच वाचली. कालक्रमात बंदर घातलं नाही. तुमच्या शब्दाखातर नव्हे. माझ्याकडे दुसरा साक्षीदार नव्हता, म्हणून. सगळं वाचून संपल्यावर मात्र मी म्हटलं, आता एक ऐकीव सांगते, याला पुरावा नाही. आणि मिठाच्या गोणी, फळ्या, पांढरा काठ, सगळं सांगितलं. मी थांबते तोच हमीदभाई उठले. "ओ बाय, आमच्या दादांनी, म्हंजे आज्यानी, पण तेच सांगितलेलं. पण आमच्या बंदरात! पयला आमच्याकडेच!" मग एक जण वाईचा, एक इचलकरंजीचा. प्रत्येकाचा आजा पहिल्या रांगेत. तुम्ही असता तर माझ्याकडे बघून भुवई उंचावली असतीत. मी तुम्हाला तेवढ्यापुरतं हो म्हणाले असते. तेवढ्यापुरतंच. ती सगळी नावं मी वेगळ्या कागदावर उतरवली आणि वर लिहिलं, ऐकीव. ते तुमच्या कालक्रमामागे जोडलंय. भांडण अजून मिटलेलं नाही. मिटवायचंही नाही.

भाऊजींना सांगलीला एक प्रत पाठवली. एक मंडळाच्या कपाटात आहे. सनावळीत कोरी पट्टी राहिलेली नाही. संकलन म्हणून वर तुमचं नाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मराठी संगीत नाटकांच्या पहिल्या प्रयोगांचा तुमचा कालक्रम पूर्ण झाला, आणि तो रियाधमध्ये पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, माणसांसमोर, मोठ्याने वाचून झाला.